घरचा स्टुडिओ उभारताना या चुका टाळा

पहिलं रेकॉर्डिंग ऐकून निराश झालेला माणूस बहुधा माइकला दोष देतो. मीही दिला. चांगला कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा, जास्त संवेदनशील) आणला आणि आवाज आधीपेक्षा वाईट आला. जुना डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसा) मी तोंडाजवळ धरून गात होतो, त्यामुळे खोलीतले पडसाद त्यात फारसे येत नव्हते. नवा माइक हातभर लांब ठेवला आणि त्याने तेही इमानाने टिपले. बिघाड खोलीत होता.

म्हणून खरेदीआधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागोमाग झणझणाट ऐकू आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये ध्वनी मागे-पुढे आपटतोय असं समजा. इथे बहुतेक जण पातळ फोमचे चौकोन आणून भिंतभर चिकटवतात, आणि मला सर्वांत जास्त हळहळ याच चुकीची वाटते. दोन-अडीच सेंटीमीटरचा फोम फक्त वरच्या पट्टीतला ध्वनी शोषतो. 100 हर्ट्झच्या ध्वनीची लहर सुमारे 3.4 मीटर लांब असते, तिला हा फोम जवळजवळ अडवतच नाही. आवाजातली चमक जाते, खालचं घुमणं तसंच राहतं, आणि गाणं डब्यात कोंडल्यासारखं लागतं. त्याऐवजी 10 सेंटीमीटर जाडीचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनेल कापडात गुंडाळून, भिंतीपासून थोडे सोडून लावा. कोपरे आधी घ्या, खर्ज तिथेच साठतो.

तेवढी तयारी नसेल तर जाड रजईसुद्धा कामाला येते, फक्त ती योग्य जागी हवी. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो. त्याच्या समोर तुम्ही असता आणि तुमच्या मागे भिंत. तेव्हा रजई आपल्या पाठीमागे टांगा आणि माइकची पाठ कॉम्प्युटरच्या पंख्याकडे करा. बाहेरच्या गोंगाटावर मात्र फोम, पॅनेल, रजई यांतलं काहीच उपयोगी नाही. तो अडवायला वजनदार भिंती आणि फटी नसलेली दारं लागतात. शांत वेळ निवडणं सोपं.

खोली अगदीच हट्टी असेल तर डायनॅमिक माइक घ्यायला कचरू नका. शुअरचा एसएम57 1965 साली आला आणि मोठ्या स्टुडिओंमध्ये आजही वापरात आहे. कंडेन्सर घेतलाच, तर त्याची बाजू ओळखा. मोठ्या डायफ्रॅमचे (आवाज झेलणाऱ्या पडद्याचे) बरेचसे माइक टोकाने नव्हे, बाजूने ऐकतात, आणि उलट्या बाजूने गायलं की आवाज दूरचा, पोकळ येतो. अंतर वीतभर ठेवा, मध्ये पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी) लावा. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो.

गेनच्या (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा त्याच्या) बाबतीत जुनी भीती अजून टिकून आहे: पातळी कमी ठेवली तर खरखर येईल. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये ती भीती बाळगायचं कारण नाही. सर्वांत जोरकस ओळ गाऊन बघा आणि शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील इतपतच गेन द्या. कमी पातळी नंतर वाढवता येते. इंटरफेसमध्येच (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीतच) फाटलेला आवाज मात्र मूळ रूपात परत मिळत नाही, तो टेक पुन्हा घ्यावा लागतो.

आता नेहमीच्या तक्रारी. कंडेन्सर माइक मुका असेल तर इंटरफेसवरचं, माइकला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण बघा. गाणं एकाच कानात येत असेल तर एका माइकसाठी स्टिरिओ ट्रॅक उघडला गेला आहे, तो मोनो करा. सूर जवळजवळ दीड सेमीटोन उतरलेला आणि लय 8 टक्के मंद वाटली, तर 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची फाइल 44.1 वर वाजतेय. गिटार निस्तेज वाटली तर ती लाइन इनपुटमध्ये लागली आहे का ते तपासा, तिला इन्स्ट्रुमेंट इनपुट लागतो.

गाताना स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जितके सॅम्पल साठवून घेतो ती संख्या) कमी करा. 48 किलोहर्ट्झवर 1024 सॅम्पलचा बफर एका दिशेनेच 21 मिलिसेकंद खातो, 128 चा तीनहूनही कमी. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी करणारा) ड्रायव्हर निवडा. आवाज दोनदा ऐकू आला तर डायरेक्ट मॉनिटरिंग (इंटरफेसमधूनच थेट ऐकणं) आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. त्यातलं एक बंद करा.

घूं-घूं असा सततचा आवाज असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. गुणगुण थांबली, तर ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगच्या जोडणीतून येणारी गुणगुण) आहे: सगळी उपकरणं एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्या आणि स्पीकरना बॅलन्स्ड केबल लावा. मिक्सिंगसाठी ते स्पीकर आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण साधा, ट्विटर (स्पीकरमधला वरचे स्वर देणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर.

आणि आहे त्याच माइकने, खोलीतल्या तीन वेगवेगळ्या जागी, तीच ओळ अर्धा मिनिट गाऊन रेकॉर्ड करा. कान पूर्ण झाकणाऱ्या (क्लोज्ड-बॅक) हेडफोनवर ती एकामागून एक ऐका. जिथे शब्द सर्वांत जवळ आणि कोरडे वाटतील, तिथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. स्टँड तिथेच ठेवायचा.