बांधावर कुंपण घालताना या चुका टाळा

शेतांच्या हद्दीचे जे दावे वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयात पडून राहतात, त्यांतील पुष्कळ ठिकाणी एकच उलटा क्रम दिसतो: आधी तारेचे कुंपण होते, मग शेजाऱ्याशी भांडण होते आणि सर्वांत शेवटी मोजणीचा अर्ज जातो. तोवर दोन्ही बाजू इतक्या इरेला पेटलेल्या असतात की मोजणीदाराने दाखवलेली खूण कोणालाच मान्य होत नाही.

सर्वांत महागात पडतो तो सातबाऱ्याविषयीचा गैरसमज. सातबारा क्षेत्र किती ते सांगतो; हद्द नेमकी कुठून जाते ते सांगत नाही. ती भूमि अभिलेख कार्यालयातील गट नकाशा, टिपण (मूळ मोजणीचे मापांसह रेखाचित्र) आणि फाळणी (पोटहिश्श्यांची विभागणी दाखवणारा नकाशा) यांवरून ठरते. म्हणून उताऱ्यावर 1 हेक्टर 20 आर असताना जागेवर चार गुंठे कमी भरले, तर शेजाऱ्याने बांध कोरला असे लगेच मानू नये. भूसंपादनात किंवा रस्त्यात गेलेली पट्टी उताऱ्यावरून कमी झालेली नसते, जमिनीच्या विखुरलेल्या तुकड्यांच्या एकत्रीकरणाच्या वेळी क्षेत्र चुकीचे लागलेले असते, किंवा अतिक्रमण असलेच तर ते विरुद्ध बाजूच्या शेजाऱ्याचे निघते. अर्थात दर हंगामाला नांगराच्या एका फाळाने वीतभर बांध आत घेण्याची कला आपल्याकडे कमी नाही, पण ती मोजणीने सिद्ध व्हावी लागते.

खासगी सर्वेक्षकाचा नकाशा स्वतःच्या अंदाजासाठी ठीक आहे, परंतु वादात वजन राहते ते भूमि अभिलेख कार्यालयाच्या मोजणीला आणि तिच्या ‘क’ प्रतीला, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणाऱ्या, हद्दी दाखवलेल्या नकाशाच्या प्रतीला. उभ्या उसात किंवा तुरीत दृष्टी पोहोचत नसल्यामुळे शेत मोकळे असेल असा हंगाम पाहून अर्ज करावा आणि लगतच्या सर्व खातेदारांची नावे त्यात बिनचूक द्यावीत. एकाला जरी नोटीस पोहोचली नाही, तरी पुढे तोच मोजणीवर आक्षेप घेतो. नोटीस मिळूनही रागाने गैरहजर राहणे ही तितकीच मोठी चूक आहे. हजर राहावे, हद्दीचे जुने दगड दाखवावेत आणि खुणा पटत नसतील तर जबाबात तसे कारणांसह लिहून द्यावे. त्याच आधारावर पुढे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते.

मोजणीत अतिक्रमण निघाले म्हणजे ताबा मिळाला, असे मात्र होत नाही. दुसऱ्याच दिवशी चार माणसे नेऊन शेजाऱ्याचे खांब उपटणारा मालक स्वतःच अडचणीत येतो, कारण कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला गेलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो आणि त्या दाव्यात जमीन मुळात कोणाची हा प्रश्न विचारातच घेतला जात नाही. उलट, कागद हाती आहे म्हणून स्वस्थ बसणेही धोक्याचे आहे. शेजाऱ्याचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून तो उघडपणे जमीन वापरू लागल्यापासून, 12 वर्षांत मालकाने ताब्याचा दावा लावला नाही, तर मुदत कायदा त्याच्या आड येतो. वाद हद्दीचा नसून कुंपणाने वहिवाटीची वाट अडल्याचा असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जाता येते, मात्र तेथेही मुदत सहा महिन्यांचीच असते.

कुंपण प्रत्यक्ष घालताना खांब हद्दीच्या रेषेवर न रोवता थोडे आपल्या बाजूला घ्यावेत आणि दगड उघडे ठेवावेत, कारण खड्डे खणताना हलवलेला दगड पुन्हा त्याच जागी बसवला हे कोणाला पटवून देता येत नाही. सामायिक बांधावर दोघांच्या खर्चाने तार ओढायची असेल, तर खर्चाची वाटणी आणि हद्दीची रेषा लेखी ठरवून ‘क’ प्रत त्या कागदाला जोडावी. रानडुकरांच्या त्रासाने तारेत थेट घरगुती वीज सोडण्याचा प्रकार तर कोणत्याही कारणाने करू नये. त्यात माणूस दगावला, तर हद्द बरोबर होती हा बचाव फौजदारी खटल्यात उपयोगी पडत नाही.