ड्रम कोअरमधला उन्हाळा कागदावर कसा उतरवावा

अमेरिकेतील स्पर्धात्मक ड्रम अँड ब्युगल कोअरमध्ये, म्हणजे पितळी वाद्ये आणि ढोल वाजवत मैदानावर कवायत करणाऱ्या तरुणांच्या पथकांमध्ये, ऐन तारुण्यातले उन्हाळे घालवलेली माणसे त्याविषयी बोलू लागली, की बहुधा अंतिम फेरीची रात्र, मिळालेले गुण आणि बसमधले किस्से एवढेच पुन्हा पुन्हा ऐकू येते. बाकीचे अडीच-तीन महिने, म्हणजे ज्यांच्यामुळे ती रात्र शक्य झाली ते दिवस, हळूहळू विरून जातात. ते विरण्याआधी लिहून काढायचे असतील तर काय करावे, याविषयीची ही मांडणी आहे. शाळेच्या मार्चिंग बँडमधून पुढे या वाटेला गेलेल्या आणि आता भारतातल्या नातेवाइकांना ते सारे समजावून सांगू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना ती उपयोगी पडावी. आणि शेजारच्या एखाद्या अमेरिकन आजोबांच्या आठवणी टिपून ठेवू इच्छिणाऱ्यालाही.

पहिले काम म्हणजे साल पक्के करणे. एकाहून अधिक हंगाम केलेल्या माणसाच्या मनात दोन उन्हाळे सहज एकमेकांत मिसळतात. एका वर्षीची धून दुसऱ्या वर्षीच्या गणवेशात आठवते. अशा वेळी अंतिम स्पर्धा कोणत्या शहरात झाली हे आधी आठवावे. ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या छोट्या गावी झाली आणि ती अ‍ॅनाहाइम किंग्जमेन या कोअरने जिंकली. १९७७ आणि १९७८ ची अंतिम फेरी डेन्व्हरला, १९८१ आणि १९८२ ची मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये झाली, आणि २००९ पासून ही स्पर्धा इंडियानापोलिसमध्ये स्थिरावली. शहर सापडले की साल फार तर एक-दोन वर्षांच्या अंतरावर येते.

उरलेली शंका वाद्य फेडते. जुने ब्युगल, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्ये, ‘जी’ (G) या स्वरातले असत. दोन उभ्या पिस्टनच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांच्या, ब्युगलला १९७७ मध्ये परवानगी मिळाली, तीन पिस्टनना १९९० मध्ये, आणि २००० पासून कोणत्याही स्वरातली पितळी वाद्ये चालू लागली. ध्वनिवर्धकाला २००४ मध्ये, तर सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना २००९ मध्ये मुभा मिळाली. त्यामुळे आपण १९८५ मध्ये तीन पिस्टनचा ब्युगल वाजवत होतो असे कोणी सांगू लागले, तर बोटे आणि साल यांपैकी एक काहीतरी चुकते आहे हे ओळखावे. टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, खांद्यावर पेलून चालणारे वादक ज्याला आठवतात, तो माणूस तालवाद्ये मैदानाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवण्याची पद्धत रुळण्याआधीचा, म्हणजे ढोबळमानाने १९८० च्या आधीचा आहे.

त्यानंतर घरातली साधने एकत्र करावीत. छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका, जाकिटावरचे बिल्ले आणि घरी पाठवलेली पत्रे तर हवीतच, पण सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ती छोटी वही, जिला कोअरमध्ये डॉट बुक म्हणतात. रचनेगणिक आपण मैदानावर नेमके कुठे उभे राहायचे, हे तिच्यात हाताने लिहिलेले असते. घामाने आणि पावसाने ती फुगलेली असते, म्हणून तिची पाने ओढून सपाट करू नयेत. प्रत्येक पान दिवसाच्या उजेडात, कडा दिसतील अशा रीतीने छायाचित्रित करावे. कॅसेट असतील तर प्रथम त्यांच्याकडे लक्ष द्यावे, कारण चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी निकामी होत जाते. चांगल्या स्थितीतल्या कॅसेट डेकवरून त्या संगणकावर वेव्ह स्वरूपात उतरवाव्यात आणि मूळ ध्वनिमुद्रणातली खरखर काढून टाकण्याचा मोह आवरावा, कारण त्या खरखरीच्या मागेच प्रेक्षकांचे ओरडणे आणि निवेदकाचा आवाज दडलेला असतो. जुन्या स्पर्धांच्या फ्लीटवूड कंपनीने काढलेल्या तबकड्या अजूनही वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात आढळतात, त्यामुळे स्वतःकडे काही नसले तरी ऐकायला साधन मिळू शकते.

साधने जमली की लिहायला न बसता आधी उभे राहावे. या पद्धतीवर माझा विशेष भर आहे, कारण ड्रम कोअरची आठवण शब्दांपेक्षा पायांत आणि श्वासात अधिक टिकते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांना एक रेषा असते आणि त्या पाच यार्डांत आठ पावले टाकायची, हे कोअरचे मूळ माप आहे. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, सुमारे सत्तावन्न सेंटिमीटरचे. मोकळ्या पटांगणावर किंवा गच्चीवर खडूने अशा आठ खुणा कराव्यात, वहीतली सुरुवातीची जागा मनात धरावी, आपला स्वर तोंडाने म्हणत पहिल्या दोन-तीन रचना चालून पाहाव्यात. वाद्य नसले तरी हात त्याच उंचीवर धरावेत. उजव्या बाजूला कोण असे, वळताना कोणाच्या खांद्याची कड डोळ्याच्या कोपऱ्यात धरायची, कोणत्या मात्रेला उलट्या पावली मागे जाताना पोटात गोळा येई, हे सारे खुर्चीत बसून आठवत नाही. चालताना मात्र बऱ्याच जणांना आठवते. जे आठवेल ते थांबून लगेच फोनवर बोलून ठेवावे आणि मगच पुढची रचना घ्यावी. गुडघे कुरकुरत असतील तर पावले लहान करावीत, पण मात्रा सोडू नये. १९८३ मध्ये गारफिल्ड कॅडेट्स या कोअरने कवायतीचे रचनाकार जॉर्ज झिंगाली यांच्या असममित, सतत वाहत्या रचनांच्या जोरावर अजिंक्यपद मिळवले, आणि त्यानंतर मैदानावरची कवायत सर्वत्र अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. त्या काळानंतरच्या कोअरमध्ये चाललेल्या माणसाला वहीवाचून पुढे जाणे कठीण जाते, तर त्याआधीच्या दुतर्फा सारख्या रचना पुष्कळांना अजून पाठ असतात.

आता एक दिवस निवडावा, आणि तो स्पर्धेचा नसावा. जुलैमधला एखादा साधा, रखरखीत सरावाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहावा. रात्रभर बसने प्रवास करून पहाटे कुठल्याशा अनोळखी शाळेच्या व्यायामशाळेत शिरणे, लाकडी जमिनीवर अंथरूण टाकून तीन-चार तास झोपणे, मालवाहू ट्रेलरमध्ये थाटलेल्या स्वयंपाकघरापुढे रांगेत उभे राहणे, तिथे वाढणाऱ्या स्वयंसेवक पालकांचे चेहरे. मग अंग मोकळे करण्याचा व्यायाम, मूलभूत पावलांचा सराव, पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि कलर गार्ड (निशाणे फिरवणारा गट) यांचे वेगवेगळे तास, संध्याकाळी सर्वांनी मिळून केलेला पूर्ण प्रयोग. अकरा-बारा मिनिटांच्या एका कार्यक्रमासाठी दिवसाचे दहा-बारा तास कसे जात, हे वाचकाला तपशिलाखेरीज पटणार नाही. हातमोज्यांच्या आतले पांढरे मनगट आणि वरचा करपलेला दंड, ओठांवर पडलेले वण, डांबरी वाहनतळावर ढोलांचा सराव चालू असताना भोवती जमलेली गर्दी, असे बारकावे येऊ द्यावेत. ‘आम्ही फार मेहनत करायचो’ हे वाक्य मात्र खोडून टाकावे. ते प्रत्येकाच्या लिखाणात असते आणि त्यातून काहीच कळत नाही.

गुणांविषयी थोडक्यात लिहावे, पण अचूक लिहावे. १९८३ च्या हंगामापर्यंत परीक्षक मैदानात उतरून प्रत्येक दिसलेल्या चुकीसाठी एक दशांश गुण कापत, आणि त्या कापलेल्या गुणाला टिक म्हणत. १९८४ पासून ही पद्धत गेली. त्यामुळे दोन काळांतल्या गुणांची तुलना करून आपला कोअर श्रेष्ठ ठरवणे निरर्थक आहे. ‘केसाच्या अंतराने हरलो’ असे लिहिण्याआधी अधिकृत निकाल पाहावा. २००८ मध्ये फँटम रेजिमेंटने ब्लू डेव्हिल्सवर ०.०२५ गुणांनी मात केली, तर १९९६ मध्ये हेच दोन कोअर संयुक्त विजेते होते. तेव्हा केसाचे अंतर म्हणजे किती, हे या क्षेत्रात खरोखरच आकड्यात सांगता येते.

सोबत्यांशी बोलायचे असेल तर एकेकट्याशी बोलावे. पुनर्भेटीच्या मेजवानीत दहा जण एकत्र आले की सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सर्वांची होऊन बसते. ‘तू कुठे उभा होतास’ या प्रश्नाने सुरुवात करावी. ‘काय मजा यायची ना’ असे विचारले तर उत्तरही तेवढेच मिळते. जे सुखाचे नव्हते तेही विचारावे. शुल्क भरण्यासाठी कोणी कोणती नोकरी केली, दुखापत लपवून कोण चालत राहिले, प्रशिक्षकांचे ओरडणे कोणाला अजून सलते, कोण हंगामाच्या मध्यावर घरी परतले. काही कोअर दीर्घकाळ केवळ मुलग्यांचे होते, मॅडिसन स्काउट्स हे त्यातले ठळक नाव, आणि मुलींचे स्वतंत्र कोअरही होते. त्या काळाविषयी लिहिताना हा भेद गाळू नये. बराच काळ वयोमर्यादा एकवीस वर्षांची असल्यामुळे शेवटचा उन्हाळा कोणता हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असे, आणि त्या जाणिवेने त्या वर्षीचे वागणे कसे बदलले, हा प्रश्न मला सर्वांत फलदायी वाटतो.

मराठी वाचकासाठी लिहिताना सुरुवातीला एक परिच्छेद पार्श्वभूमीला द्यावा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांनी लष्कराकडे उरलेले ब्युगल आणि ढोल घेऊन ही पथके उभी केली, आणि पुढे तरुणांचे कोअर चालवण्यात चर्च आणि स्काउट यांचाही मोठा वाटा राहिला, एवढे सांगितले तरी गणवेश, निशाण आणि लष्करी शिस्त कुठून आली ते उलगडते. गणपतीच्या आधी नदीकाठी चालणारा ढोल-ताशा पथकांचा सराव आपल्या वाचकाने पाहिलेला असतो, त्याचा आधार जरूर घ्यावा. मात्र इथे मिरवणूक नसते, प्रेक्षक एका बाजूच्या उंच सज्ज्यात बसतो आणि रचना त्याला वरून दिसावी म्हणूनच आखलेली असते, हे लगेच स्पष्ट करावे.

लेखन पुरे झाल्यावर ज्यांची नावे आली आहेत त्यांना तो भाग वाचायला द्यावा, आणि कोणी नको म्हटले तर नाव काढून फक्त वाद्य आणि जागा ठेवावी, जसे ‘माझ्या डावीकडची बॅरिटोनवादक’ (बॅरिटोन हे एक पितळी वाद्य). ध्वनिमुद्रण सोबत जोडून सर्वांसाठी खुले करायचे असल्यास संगीताचे हक्क दुसऱ्याचे असतात हे ध्यानात घ्यावे. घरातल्यांना ऐकवणे वेगळे आणि प्रसिद्ध करणे वेगळे. लिखाण आणि डॉट बुकची छायाचित्रे यांची एक प्रत स्वतःकडे आणि एक दुसऱ्या शहरातल्या सोबत्याकडे ठेवावी. कोअर अजून चालू असेल तर त्याच्या माजी सदस्यांच्या मंडळाकडेही एक प्रत पाठवावी. बंद पडलेल्या कोअरच्या बाबतीत हे काम अधिक तातडीचे आहे, कारण त्यांची कागदपत्रे बहुधा कोणाच्या तरी तळघरातल्या खोक्यातच असतात.