सुट्टीआधी ग्रंथालयाला कुलूप नको

वर्ष संपत आलं की शाळेच्या ग्रंथालयात एकच घाई: पुस्तकं परत घ्या, मोजा, कपाटं बंद करा. मोजणी हवीच, पण ती शेवटच्या दिवसावर ढकलू नका. दोन-तीन आठवडे आधीच थकलेल्या पुस्तकांची वर्गवार यादी वर्गशिक्षकांकडे द्या आणि दंड सरळ माफ करा. दंडाच्या धास्तीने दडवलेली बरीच पुस्तकं बाहेर येतील. मोजणी उरकली की तीच सुट्टीसाठी पुन्हा द्या. संदर्भग्रंथ तेवढे मागे ठेवा.

एकेकाला तीन-चार तरी द्या. एकच दिलं आणि नावडलं, तर सुट्टी कोरडी गेली. मालिकेचा पहिला भाग एकटा देऊ नका, दुसराही सोबत जाऊ द्या. निवडताना मुलांना तिथेच बसून पहिली पाचेक पानं वाचू द्या; नुसत्या मुखपृष्ठावर भाळून नेलेलं पुस्तक बहुधा न उघडताच परत येतं. नोंद झाली की गठ्ठ्याचा फोटो पालकांच्या मोबाइलवर, परतीच्या तारखेची चिठ्ठी त्याच फोटोत. आणि हो, वाचलेल्यावर निबंध मागू नका!

शाळा सोडून जाणाऱ्या शेवटच्या वर्गाला मात्र पुस्तकं देऊ नका. दाखला हातात पडल्यावर ती परत मिळवणं महाकठीण.