पुढच्या चाकाकडून आवाज येतो तेव्हा काय तपासावे

गॅरेजमध्ये गेल्यावर बहुतेक गाडीमालक आवाजाची तोंडाने नक्कल करून दाखवतात. मेकॅनिकला तिचा उपयोग फारसा होत नाही, कारण झिजलेला ब्रेकपॅड आणि डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅडने दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या चकतीला) टेकणारा वाकलेला पत्रा हे दोन्ही कानाला जवळपास सारखेच लागतात. आवाज केव्हा येतो, म्हणजे वेग वाढल्यावर, वळताना, ब्रेक दाबल्यावर की चाक खड्ड्यात गेल्यावर, हे नेमके सांगता आले तर गाडी वर उचलण्यापूर्वीच अर्धे निदान झालेले असते. हे काम मालकालाच करावे लागते. गॅरेजच्या दारात पोहोचताच आवाज बंद होतो, हा अनुभव काही कोणाला नवा नाही.

सुरुवात गाडी उभी असतानाच करावी. दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या आणि डिकीत सैल पडलेला जॅक बाहेर काढावा, चारही टायरमधली हवा पाहावी आणि टायरच्या खाचांत खडा किंवा खिळा अडकला आहे का ते हाताने चाचपावे. अडकलेला खडा चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासोबत ‘टक् टक्’ वाजतो आणि वेगाबरोबर त्याची लयही वाढते. नुकतेच पंक्चर काढले असेल, तर चाकाचे नट आधी पाहावेत. सैल नटांचा आवाज हळू चालवताना ठोकल्यासारखा येतो आणि तो अजिबात दुर्लक्षिण्याजोगा नसतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बऱ्याच लहान गाड्यांत हा आकडा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत.

यानंतर चाचणी फेरी. पहाटेची वेळ बरी, कारण रस्ता मोकळा असतो. रेडिओ आणि पंखा बंद करून काचा खाली घ्याव्यात. गोव्यात फोंडा, डिचोली किंवा पेडणे भागातल्या ज्या गावरस्त्यांना दोन्ही बाजूंनी चिऱ्यांची कुंपणे आहेत, ते या कामाला उत्तम. भिंतीलगत ताशी वीस किलोमीटरने गाडी नेली, की चाकाकडचा आवाज भिंतीवर आपटून सरळ खिडकीत येतो आणि उघड्या मैदानात ऐकू न येणारी बारीक घासघासही कळते. शेजारच्या आसनावर कोणाला तरी बसवावे. लोखंडी सांगाड्यातून आवाज इकडून तिकडे जात असल्याने चालकाला उजवीकडचा वाटणारा आवाज पुष्कळदा डावीकडचा निघतो.

सरळ, सपाट आणि रिकाम्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठचा वेग आल्यावर क्षणभर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहावी. इंजिनचे फेरे खाली येऊनही आवाज तसाच राहिला, तर त्याचा संबंध चाकाशी आहे. फेऱ्यांबरोबर तोही उतरला, तर शोध इंजिनकडे वळवावा. ही चाचणी चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या उतारावर कधीही करू नये आणि चालत्या गाडीत चावी तर मुळीच बंद करू नये, कारण मग ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि स्टिअरिंगही अडकू शकते.

वेगाबरोबर वाढणारी अखंड घरघर बहुधा बेअरिंगची (चाक ज्यावर फिरते त्या भागाची) किंवा टायरची असते. या दोहोंत गल्लत फार होते. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. वेग कायम ठेवून लांब, सौम्य वळणावर ऐकावे: गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो, म्हणून तेव्हा घरघर वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा. तरीही शंका उरल्यास पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून पाहावेत. आवाज मागे सरकला, तर दोष टायरचा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत पहिल्या गिअरमध्ये हळूच वेग दिल्यावर ‘कट् कट् कट्’ असा आवाज येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) चाकाकडच्या सीव्ही जॉइंटकडे, म्हणजे वळणाऱ्या सांध्याकडे पाहावे. दोष बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूला निघतो. चाकामागे वाकून पाहिले असता जॉइंटवरचा रबरी बूट फाटलेला आणि आसपास काळे ग्रीस उडालेले दिसते. बूट फाटल्याचे लवकर लक्षात आले, तर तेवढाच बदलून भागते. आत पावसाचे पाणी आणि तांबडी माती शिरल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

गोव्यात सर्वांत जास्त गोंधळ ब्रेकच्या आवाजांत होतो. जून ते सप्टेंबर या काळात रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी गंजाचा पातळ थर दिसतो, आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत तो आणखी लवकर धरतो. निघताना पहिल्या काही ब्रेकना येणारी खरखर याच थराची असते व ती आपोआप जाते; तिच्यासाठी पॅड बदलू नयेत. गाडी कित्येक दिवस उभी असेल, तर पॅड डिस्कला चिकटून पहिल्या हालचालीला ‘टक’ असा आवाज येतो, तोही एकदाच.

दुसरा प्रकार खड्याचा. अरुंद रस्त्यावर समोरून बस आली, की चाक बाजूच्या जांभ्या खडीवर उतरवावे लागते आणि एखादा खडा डिस्क व तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये जाऊन बसतो. अंगावर काटा आणणारी किंकाळी अचानक सुरू होते. सुरक्षित जागी थांबून गाडी काही मीटर मागे-पुढे केली, की खडा पुष्कळदा गळून पडतो. पडला नाही तर चाक काढून, डिस्क गार झाल्यावर, पत्रा हाताने किंचित मागे वाकवावा.

चालत्या गाडीत येणारी आणि ब्रेक दाबल्यावर थांबणारी बारीक चीं-चीं ही मात्र सूचना असते: पॅड झिजत आल्यावर डिस्कला टेकावी, म्हणून काही पॅडना धातूची पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅडचा थर तीन मिलिमीटरवर आला, की तो बदलावा. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर आली, तर थर संपलेला आहे आणि डिस्क खरवडली जात आहे. फेरी संपल्यावर दोन्ही पुढच्या रिमांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. एक बाजू स्पष्टपणे अधिक तापलेली असेल, तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत आहे.

खड्ड्यातल्या ‘खडखड’ आवाजाला गॅरेजमध्ये शॉकअब्झॉर्बरची जोडी बदलण्याचा सल्ला फार चटकन मिळतो. त्याआधी एक साधी तुलना करावी. दोन्ही चाके एकाच वेळी चढतील अशा रीतीने स्पीडब्रेकर सरळ ओलांडावा, आणि मग एका वेळी एकच चाक उतरेल अशा उखडलेल्या रस्त्यावरून गाडी न्यावी. पहिल्या ठिकाणी शांत आणि दुसऱ्या ठिकाणी खडखड असेल, तर दोष बहुधा स्टॅबिलायझरच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉडचा असतो, कारण दोन्ही चाके सारखीच उचलली गेली की त्या आडव्या दांड्याला पीळ बसत नाही. लिंक रॉड हा तुलनेने स्वस्त भाग आहे. ब्रेक लावताना किंवा रिव्हर्स घेताना एकच ‘धप्प’ असा ठोका येत असेल, तर लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या हाताचे) रबरी बुश पाहावेत. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उसळल्यासारखा ‘टंग’ आवाज आला, तर वरचे स्ट्रट माउंट (शॉकअब्झॉर्बरचे वरचे टोक धरणारा भाग) पाहावे. फेरीबोटीच्या उतारावर बंपरचा खालचा भाग घासून चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर सुटलेले असते, हेही विसरू नये. हरवलेली एक क्लिप पुष्कळ भीती घालते.

शेवटची तपासणी चाक उचलून करायची. जमीन टणक असावी. पावसात मऊ झालेल्या अंगणात जॅकखाली जाड फळी ठेवावी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे. खेळ (सैलपणा) जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे: खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा). डावी-उजवी बाजू धरून हलवताना खेळ लागला, तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) संशयित. यांपैकी कोणताही खेळ आढळला, किंवा ब्रेकची करकर अथवा जळका वास येत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. मेकॅनिकला घरी बोलवावे किंवा गाडी उचलून न्यावी.

इतर दोषांत मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज येतो त्याच रस्त्यावर फिरवून आणावे. काम झाल्यावर काढलेला जुना भाग पाहायला मागावा आणि बिल चुकते करण्यापूर्वी त्याच वेगाने त्याच रस्त्यावर आणखी एक फेरी मारावी.