पिन नव्हे, पासवर्ड!
बाबांचे सगळे फोटो वरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर, पेनड्राइव्ह घेऊन जिने चढून कंटाळलो म्हणून म्हटलं फोल्डर शेअरच करू. केला, तर लॅपटॉपला डेस्कटॉप दिसेचना. बघतो तर डेस्कटॉपच्या विंडोजमधे घरचं वायफाय मीच कधीतरी 'पब्लिक', म्हणजे परक्या जागेचं, करून ठेवलेलं, मग फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारा पहारेकरी, कशाला कुणाला आत घेतोय. 'प्रायव्हेट' केलं, लॅपटॉपवर डेस्कटॉपच्या नावाऐवजी थेट त्याचा नेटवर्कवरचा पत्ता \\१९२.१६८.१.५ टाकलं, लगेच युजरनेम-पासवर्ड विचारला. मी आपला बाबांचा चार आकडी पिन टाकतोय, अर्धा तास, आणि दरवेळी लाल अक्षरात पासवर्ड चुकीचा! अहो, पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. तो सापडला २०१९ च्या कालनिर्णयच्या मागे, दूधवाल्याच्या हिशोबाखाली.