समुद्रकाठच्या दाराला इलेक्ट्रिक स्ट्राइक बसवताय? या चुका टाळा

दर वर्षी मिरग लागला की माझा फोन वाजायला लागतो. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठूनही येऊ दे, वाक्य एकच, "पात्रांव, दार उगडना." कार्ड लावलं की रीडर हिरवा होतो, टिक्‌ असा आवाज येतो आणि दार जागचं हलत नाही. जाऊन बघावं तर दहातल्या आठ ठिकाणी त्याच त्या चुका. पहिल्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याच मी स्वतःही केल्यात, म्हणून थोडं हक्काने बोलतो.

ज्यांना स्ट्राइक म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुलूप दारातच राहतं. चौकटीत ज्या खाचेत लॅच, म्हणजे कुलपातून बाहेर येणारा खटका, अडकतो, तिथे हे उपकरण बसतं. वीज मिळाली की त्याचा कीपर, म्हणजे लॅचला अडवणारी हलती जीभ, सैल होते आणि दार ढकललं की उघडतं. ही जीभ दाराबाहेरच्या हवेत उघडी असते. पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

"आयपी ६७ आहे, काय होणार?"

मोरजीला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक छोटं गेस्ट हाऊस आहे. मालकाने स्ट्राइक स्वतःच ऑनलाइन मागवला. डब्यावर ठसठशीत आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत शिरत नाही असा दर्जा. फेब्रुवारीत मी बसवला. पहिला पावसाळा निभावला आणि मालक मला ऐकवू लागला, "तुम्ही उगाच महागाचं सांगत होता." दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, रात्री एक वाजता फोन. पर्यटकांचं एक कुटुंब बॅगा घेऊन पावसात उभं, कार्ड चालतंय, दार बंद. शेवटी मागच्या स्वयंपाकघरातून सगळ्यांना आत घेतलं.

सकाळी स्ट्राइक उघडला. आत पाण्याचा थेंब नव्हता. कॉईल, म्हणजे जीभ सैल करणारं विजेचं वेटोळं, कोरडी ठणठणीत, मीटरवर ओहम बरोबर. डब्यावरचा दावा शब्दशः खरा होता! मेला होता तो कीपर. त्याची पिन गंजून फुगली होती, स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते, आणि दर्शनी पट्टीचे स्क्रू असे चिकटले होते की ड्रिल करून काढावे लागले. ते झिंकचे स्क्रू माझेच होते, हेही कबूल करतो.

आयपीचा दुसरा आकडा फक्त पाणी आत शिरतं का एवढंच सांगतो. ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. चाचणीतलं पाणी गोडं. खाऱ्या हवेत दोन वर्षं टांगून ठेवल्यावर धातूचं काय होतं, हा प्रश्न त्या परीक्षेत विचारलेलाच नसतो. त्याची परीक्षा वेगळी, सॉल्ट स्प्रे. ३५ अंशाच्या पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, आणि माल किती तास टिकला ते मोजायचं. युरोपियन मालावर ईएन १६७० ची श्रेणी असते. श्रेणी ४ म्हणजे २४० तास, ५ म्हणजे ४८०. किनाऱ्यालगत मी ४ च्या खाली हात लावत नाही. डेटाशीटवर तासांचा उल्लेखच नसेल तर ती चाचणी झालीच नाही असं धरून चालतो. विक्रेत्याला राग येतो, येऊ दे.

"स्टेनलेस" या शब्दावरही जाऊ नका. ३०४ आणि ३१६ दिसायला सख्खे भाऊ. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे तेच टिकतं. मिरामार, कळंगुट, बेतुल अशा ठिकाणी ३०४ वर काही महिन्यांत चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात. अनेक मालांत तर फक्त पट्टी स्टेनलेस, आतलं अंग जस्ताच्या ओतीव धातूचं आणि स्प्रिंग साध्या पोलादाची. म्हणून मी एकच प्रश्न विचारतो, "पिन आणि स्प्रिंग कशाची?" दुकानदार गडबडला तर पुढचं दुकान. स्क्रूही ३१६ चेच, वेगळे विकत घेऊन खिशात ठेवतो. डब्यासोबत आलेले स्क्रू घरच्या कपाटाला वापरा. फोंडा, डिचोली, सांगे अशा आतल्या भागात ३०४ पुरतो. तिथे उगाच पैसे घालवू नका.

खाचेची घागर करणं

आमच्याकडे चिऱ्याची भिंत आणि लाकडी चौकट. स्ट्राइक बसवायला चौकटीत खाच खणतात. पोरं काय करतात, चारही बाजूंनी सिलिकॉन भरतात आणि फोटो काढून पाठवतात, "वॉटरप्रूफ केलं." पाणी पट्टीवरून येतच नाही, बाबांनो! ते चिऱ्यातून झिरपतं, चौकटीच्या माथ्यावरून आतल्या आत उतरतं, नाहीतर तारेसोबत येतं. बारीक तारांची दोरी कापलेली असेल तर वातीत तेल चढावं तसं पाणी इन्सुलेशनच्या आतून पुढे सरकतं. आणि खाली सिलिकॉनने तळ बंद केलेला. झाली घागर.

माझी सवय अशी. वरची आणि दोन्ही बाजूंची कड बंद, खालची उघडी. खाचेच्या तळाला बाहेरच्या उताराने सहा मिलिमीटरचं एक छिद्र. तार नेहमी खालून वर आणायची. वरूनच येत असेल तर आत शिरण्याआधी तिला खाली झोका द्यायचा, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी टपकून जातं. जोड जेल भरलेल्या कनेक्टरमध्ये. काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड दिसला की मी आधी तो कापतो, मग नमस्कार-चमत्कार. आणि स्ट्राइक उभाच बसवायचा. आडवा किंवा उलटा बसवला की कीपरचं तोंड पावसाकडे जातं, आणि तशा बसवण्यासाठी ते रेटिंग बहुधा दिलेलंच नसतं.

दार न बघता स्ट्राइक निवडणं

हा माझा सगळ्यात आवडता राग. व्हिडिओ बघून आलेला नवा मुलगा पाच मिनिटांत ड्रिल चालू करतो. दाराला हातसुद्धा लावलेला नसतो.

फणसाचं किंवा सागवानाचं दार जुलैत रुंदीला फुगतं, थोडं वाकतं. वर कोणीतरी पावसाचे तुषार नकोत म्हणून चौकटीला जाड रबर लावलेलं असतं. ते रबर दाराला उघडण्याच्या दिशेने सतत रेटतं. त्यात आत उघडणारं पश्चिममुखी दार असेल तर समुद्रावरचा वाराही तेच करतो. परिणाम असा की लॅच कीपरवर कायम दाबून बसलेला. बहुतेक साध्या स्ट्राइकना हा दाब असताना सुटताच येत नाही. कॉईल ओढते, टिक्‌ होतं, जीभ जागची हलत नाही. ग्राहक म्हणतो स्ट्राइक खराब. बदलला, तरी तेच. एका शाळेत असे तीन बदलले गेले होते मला बोलावण्याआधी. तिन्ही काढलेले स्ट्राइक मी टेबलावर बारा व्होल्ट देऊन वाजवून दाखवले. मुख्याध्यापक बराच वेळ काही बोलले नाहीत.

डेटाशीटमध्ये प्रीलोड असा रकाना असतो, म्हणजे किती दाब असतानाही सुटेल. बाहेरच्या दाराला तो आकडा असलेलाच माल घ्या. पण त्याआधी दार. बिजागऱ्या घट्ट करा, कड रंधा मारून नीट करा, कापलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग द्या, रबर पातळ करा. माझी परीक्षा साधी आहे. एकाने दार बाहेरून खांद्याने रेटायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. डिसेंबरच्या कोरड्या हवेत अडलं तर जुलैत शंभर टक्के अडणार. काही जुने मिस्त्री अशा दाराला मुद्दाम डीसीऐवजी एसी विजेवर चालणारा स्ट्राइक लावतात. त्याच्या गुरगुरण्याने जीभ थोडी हलते आणि हलका दाब असला तर सुटते. चालतं, पण रात्री झोपलेल्या माणसाच्या खोलीशेजारी तो आवाज मी लावणार नाही.

बाकीच्या, पटापट

फेल-सेफ म्हणजे जास्त सुरक्षित, असा समज. उलट आहे. फेल-सेफ वीज गेली की उघडतो. आसगावच्या एका बंगल्यात मे महिन्याच्या वादळात रात्रभर वीज नव्हती, बॅटरी संपली आणि फाटकाचं दार सकाळपर्यंत सताड उघडं. बाहेरच्या दाराला बहुतेक वेळा फेल-सिक्युअर, म्हणजे वीज गेली तरी बंदच राहणारा, बरा. आतून हँडल फिरवलं की लॅच मागे जातो आणि माणूस विजेशिवाय बाहेर पडतो. तसं आतलं हँडल आहे ना, हे आधी बघा. आगीच्या वेळी सुटकेचा रस्ता असेल तर अग्निशमन खात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नका. शिवाय फेल-सेफची कॉईल चोवीस तास चालू राहते. सतत चालण्यासाठी बनवलेली नसेल तर ती शिजते.

नेटवर्कची तार वापरणं. चाळीस मीटरवरच्या फाटकाला कॅट फाइव्हची एक जोडी नेली तर तारेचा रोध जाऊन-येऊन साडेसहा ओहमच्या वर. चारशे मिलिअँपिअरला पावणेतीन व्होल्ट रस्त्यातच गेले, बाराचे सव्वानऊ उरले. दीड चौरस मिलिमीटरची तार घ्या, एखादा ओहम लागेल.

डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, न लावणं. डीसी कॉईल बंद होताना उलटा झटका मारते आणि कंट्रोलरचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, चिकटतो. १एन४००७ लावा, स्ट्राइकच्या टोकाला, डायोडवरच्या पट्टीची बाजू प्लसकडे. दोन-तीन रुपयांची वस्तू. एसीच्या स्ट्राइकला मात्र डायोड नाही, एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग.

बारा व्होल्टच्या स्ट्राइकला चोवीस देणं. "जोरात ओढेल" म्हणून कोणी केलं होतं. ओढलं, आणि मग वास आला.

गंज काढायचा स्प्रे मारून "सर्व्हिसिंग" करणं. आठवड्यात उडून जातो, असलेलं ग्रीस धुऊन नेतो, वाळू चिकटते ती वेगळी. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पट्टी आणि कीपर पुसा, कोरडं करा, पिनवर टोकभर सिलिकॉन ग्रीस. किनाऱ्यावर महिन्यातून एकदा. मोरजीच्या त्या मालकाच्या बायकोने आता हे काम स्वतःकडे घेतलंय, देवाची भांडी घासली की लगेच दाराचा नंबर. नवा ३१६ चा स्ट्राइक तिथे चौथी चवथ बघतोय. मालक अजून किमतीवरून कुरकुरतो.