लोंबत्या सायप्रसची मुळं आत्ताच तपासा, ऑक्टोबर हीट आलीच

पाऊस उघडला की पुण्यात लगेच ऑक्टोबर हीट, आणि हौसेने लावलेला लोंबत्या फांद्यांचा काश्मिरी सायप्रस नेमका ह्याच दिवसांत दगा देतो. हे झाड मूळचं भूतान-अरुणाचलच्या डोंगरातलं, त्याला थंड दमट हवा लागते, आपलं कोरडं ऊन आणि काळी चिकट माती दोन्ही जड जातात. वरून निळसर हिरवा दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका हो, मुळं कुजली तरी ह्याचा पाला कित्येक आठवडे तसाच राहतो आणि तपकिरी दिसायला लागेपर्यंत हातातून वेळ गेलेली असते.

म्हणून खुरपं घ्या, बुंध्यापासून हातभर लांब, वीतभर खोल उकरून बघा. बारीक मुळं पांढरट आणि ताठ पाहिजेत, काळी पडलीत, चिमटीत धरून ओढलं की साल निघून येतेय, मातीला आंबूस वास आहे, तर मुळकूज धरा. पाणी लगेच बंद, आळं मोडा, उताराकडे चर काढून साठलेलं पाणी घालवा. पुढे वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) बघूनच पाणी, रोज थोडंथोडं शिंपडणं नकोच.

नवीन झाड ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर लावा, मुरूम-पोयटा घालून फूटभर उंचवटा करून, आणि दुपारनंतरचं ऊन अडेल अशा जागी. नर्सरीतून रोप लाल चिकट मातीच्या गोळ्यात येतं, तो तसाच पुरला तर बाहेरची माती ओली आणि गोळा आतून ठणठणीत कोरडा, म्हणून कडेची माती हलक्या हाताने मोकळी करा, गोल फिरलेली मुळं सोडवा. शेणखत पूर्ण कुजलेलंच, कच्च्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

उन्हाने लाल कोळी, म्हणजे पाल्यातला रस शोषणारी बारीक कीड, पण वाढतो. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका, ठिपके चालायला लागले तर कोळीच. आधी पाण्याचा जोरदार फवारा आतल्या बाजूने मारा, तरी राहिला तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, पण संध्याकाळी, कडक उन्हात गंधकाने पाला भाजतो.

शेंड्याला बांबूचा आधार द्या, तो छाटू नका. जुन्या बिनपाल्याच्या लाकडात कापलं तर तिथे परत फूट येत नाही. जागा अगदीच उन्हाची असेल तर सरळ लोंबता पोडोकार्पस लावा, तो गरमी बराच सोसतो.